सटवाजीची भाऊकी

नेकनूरच्या सटवाजीचं सगळं घर प्लेगात गेलं. रक्ताचं कुणी उरलंय का, हे शोधायला तो बीडला निजामाच्या कचेरीत गेला. जुनं मोडी दफ्तर चाळून कारकून म्हणाला, "तुमच्या पणजोबाचा धाकटा भाऊ मांजरसुंब्याला जाऊन राहिला, असं लिहिलंय."

सटवाजीला लई धीर आला. तो तसाच पायी मांजरसुंब्याला पोचला. तिथल्या म्हाताऱ्या पाटलानं त्याला पाणी पाजलं अन् गावाबाहेरचं एक पडकं जोतं दाखवलं.

"मोठ्या दुष्काळात समदे गेले. त्यांची एक नात राहिलती, ती बी औंदा प्लेगात गेली."

"नाव काय व्हतं तिचं?"

पाटलाला आठवेना. सटवाजी दिवस कलेपर्यंत त्या जोत्यावर बसून राहिला. त्याला आपलं म्हणणारं आता कुठल्याच गावात कुणी नव्हतं.