लिंबाजीच्या नावाचं कुंकू

डोळा लागतोय आणि लागत नाही, अशी ती वेळ. दुपारची जेवणं उरकलीत. मी भिंतीकडे तोंड करून आडवी पडलेय. बाहेर सून शेंगा फोडतेय, त्याचा आवाज कानावर येतो, मग थांबतो, आणि चुलीपुढं कोणीतरी बसलेलं असतं. आमच्या घरात आता गॅस आहे. तरी चूल पेटलीय, आणि पाटावर माझे मालक बसलेत. शेवटचे पाहिले तसेच, तरणेताठे. माझ्या नातवंडांत शोभतील.

"झाली का गं भाकरी, गजरा?" जणू सकाळीच कुठं गेले होते.

मी परात ओढते. परातीत पीठ नाही, कुंकू आहे. मी तेच मळायला घेते.

आमचं पोट तेव्हा चंदनावर होतं. दोघा भावांत मिळून एक मुरमाड तुकडा, त्यात हुलगासुद्धा धड यायचा नाही. सरकारी जंगलातलं चंदन तोडायचं आणि व्यापाऱ्याच्या माणसाला द्यायचं. एकदा जंगलातल्या गार्डानं ह्यांना धरलं. चार दिवसांत बाकीच्यांची नावं सांग, तुझं नाव घालत नाही, असं म्हणून घरी सोडलं. हे घरी येऊन सगळ्यांसमोर बोलले, मी सांगणार, मला हा धंदाच नको. दुसऱ्या दिवशी थोरले भाऊजी, केरबा, समजूत घालतो म्हणून ह्यांना डोंगरावर घेऊन गेले. उतरताना एकटेच उतरले. खांद्यावर दोन कुऱ्हाडी होत्या.

सासूबाईंनी त्या कुऱ्हाडी पाहिल्या. मी कपाळ पुसायला हात उचलला, तो त्यांनी मनगटात धरला. "एक गेला. दुसरा फासावर दिला तर मला कोण?" एवढंच बोलल्या आणि स्वतःच्या बोटानं माझं कुंकू ठसठशीत केलं. गावाला सांगितलं, लिंबाजी सुरतेला गेला. बाईच्या कपाळी कुंकू आहे तोवर नवरा जिवंत, आणि नवरा जिवंत आहे तर खून कसला?

तेव्हापासून दर संक्रांतीला भाऊजींच्या घरच्या हळदीकुंकवात पहिला मान माझा. बायका नाव घ्यायला लावतात. मी घेते. भाऊजी ओसरीवर बसून ऐकतात. आज संध्याकाळीही तेच आहे. आताशा मला दम लागतो, फार दिवस काढीन असं वाटत नाही. मेले की हिरवं लुगडं नेसवतील, ओटी भरतील, अहेव गेली, नशीबवान बाई, म्हणून पाया पडतील. माझ्या चितेवरही त्यांचंच खोटं जळेल. ते लुगडंदेखील भाऊजींनी आत्ताच आणून ठेवलंय.

भाकरी टाकते तर तव्याच्या जागी डोंगरावरची काळी शिळा. चूल कुठं राहिली कळत नाही. भोवती चंदनाची झाडं बुडातून तोडलेली, आणि खुंटाखुंटावर हळदीकुंकवाच्या बायका बसल्यात. नाव घ्या, नाव घ्या, म्हणतात. मी म्हणते, हे काय, इथंच आहेत, त्यांनाच विचारा. कोणी वळून बघत नाही.

"दादाचं कसं चाललंय?" हे विचारतात.

मी सांगते, माडी बांधली, दोन ट्रॅक्टर घेतले, एकावर आपला उत्तम आहे, पगारी.

"बरं झालं. पोराला घरातच काम मिळालं."

मी म्हणते, "तुमच्या डोक्यात कुऱ्हाड घातली त्यांनी."

"हळू बोल. आई ऐकेल."

सासूबाई जाऊन किती काळ लोटला. हे अजून त्यांना जपतात. मला एवढंच हवंय, कुठं पुरलंय ते सांगा. हे मान फिरवतात. दादा म्हातारा झाला, आता कशाला उकरतेस, म्हणतात. मग मी म्हणते, निदान हे कपाळ तुमच्या हातानं पुसा, मला अहेव मरायचं नाही.

हे हसतात, पूर्वी माझी थट्टा करताना हसायचे तसंच. "लोकांच्या बायका नवऱ्याच्या आधी जायला मागतात, आणि तू बघ." मग हसू मावळतं. "आईनं लावलंय गं ते. मी कसं पुसू?"

इतकी वर्षं मी भाऊजींवर रागानं जळत होते. आज ह्यांच्यावर जळते. तीन माणसांचं एक घर, त्यात मेलेलाही त्यांचाच. माझं कोणी नाही. मी हात उचलते आणि कपाळावरून जोरानं फिरवते, एकदा, पुन्हा एकदा. हे माझ्याकडे बघत नाहीत. डोंगराच्या वाटेकडे बघतात, तिथून दादा हाक मारणार असल्यासारखे.

"आत्याबाई, उठा. तिकडं जायचंय ना? उशीर झाला तर बोलतील." सून चहा घेऊन उभी असते. मला बघून थबकते. "झोपेत कपाळ पुसलं वाटतं." ती कुंकवाची डबी घेऊन येते.

"राहू दे. तुझे सासरे गेले."

"सुरतेहून निरोप आला?"

"सुरतेला ते कधी गेलेच नाहीत."

ती डबी खाली ठेवते. आधी दार लावून घेते, कडी घालते. कसे, कधी, काही विचारत नाही. अगदी हळू आवाजात म्हणते, "कुणाला सांगितलंत?"

"आत्ता तुला. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर."

मी बशी हातात घेते. तळहाताच्या रेषारेषांत कुंकू बसलंय. पांढऱ्या बशीच्या काठावर माझी बोटं लाल उमटतात.