चार काचा अखंड

जळकोटला हैदराबादच्या रस्त्याकडेला माझी पत्र्याची शेड होती. लॉरीखाली लोळून लोळून मी मोटारीचं काम शिकलो. कुणी शिकवलं नाही, त्यामुळं कुणाच्या उपकाराखालीही नव्हतो. फक्त शेडखालची जमीन माझी नव्हती. ती गावातल्या जमीनदाराची होती. सगळे त्यांना मालक म्हणत, मीही म्हणे. जागा रिकामी कर, असा त्यांचा निरोप अधूनमधून येई आणि मी जाऊन वाद घालून येई.

विलीनीकरणानंतर हैदराबादेत नवाबांच्या गाड्या मातीमोलानं विकायला निघाल्या होत्या. त्यातलीच एक लांबलचक अमेरिकन मोटार मालकांनी मुलाच्या लग्नासाठी आणली. तिच्या काचांना फिरवायचे दांडे नव्हते, बटणं होती. पण गोदामात पडून असताना दारांतल्या तारा उंदरांनी खाल्ल्या होत्या. इंजिन चाले, बटणांना करंट मिळत नसे, आणि चारही काचा वर अडकलेल्या. वैशाख चालू होता. परवा त्या भट्टीत नवरदेव बसायचा होता.

मालक स्वतः शेडवर आले, तेव्हाच मी ओळखलं की त्यांना दुसरा कुणी सापडलेला नाही.

"मिस्त्री, तेवढ्या काचा खाली घेऊन दे."

"करंटशिवाय खाली येत न्हाईत, मालक. काढूनच ठेवाव्या लागतील."

"मग काढ. काय घेशील?"

"ही जागा."

सोबत त्यांचा मेहुणा होता. तो म्हणाला, "काचा काढायला जागा? उद्या पंक्चर काढून वाडा मागशील."

मालक विचार करून म्हणाले, "पाच वर्षं तुला कुणी हटकणार न्हाय. झालं?"

तिथं थांबायला हवं होतं. पण समोरचा पहिल्यांदा जे देतो ते घ्यायचं नाही, यावरच मी वर आलो होतो. मी म्हणालो, "सोलापूरला न्याल तर तिथला मिस्त्री फोडून काढील. म्या चारही अखंड काढून देतो. एक जरी तडकली तर मला काही नको. अखंड निघाल्या तर जागा कायमची माझी."

मेहुणा कागद करू म्हणाला. मीच नको म्हटलं. निजामाच्या वेळचे कागद उर्दूत, नंतरचे मराठीत, आणि कचेरीत गेलं की दोन्हींचा अर्थ साहेब सांगेल तो. "भंडारा उचला," मी म्हणालो. तुळजापूर इतकं जवळ. आईचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडं कुणी फिरवत नाही. मालकांनी शेडमधल्या देवीच्या तसबिरीपुढचा चिमूटभर भंडारा उचलला आणि माझंच वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसलो. दाराच्या आतला रेक्झिनचा पुठ्ठा सोडवला. काच उचलणारी दात्यांची पट्टी जोरकस स्प्रिंगवर असते. तिला न अडकवता ती फिरवणारी छोटी मोटर सोडवली तर बोट गेलंच. म्हणून आधी पट्टीत जाड खिळा घातला, काचेखाली लाकडी पाचर दिली, मग मोटर सोडली आणि काच दोन्ही हातांनी वर ओढून काढली. अशा तीन काचा गोधडीवर ठेवल्या. चौथी पाचरीवर उभी असताना मालक काम बघायला आले, आणि सोबतचा मेहुणा आत जाऊन बसला.

"दार लावू नका. काच नुसती पाचरीवर हाय."

"बघू तरी नवाब कसा बसायचा," म्हणत त्यानं दार आपटलं.

पाचर निसटली. काच दाराच्या पोटात आदळली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली.

मालक ओरडले नाहीत. "एक तडकली," एवढंच म्हणाले.

"तुमच्या मेहुण्यानं फोडली."

"कुणी फोडली ते शपथेत नव्हतं. वाक्य तुझंच."

"मग पाच वर्षं तरी द्या."

"ती तू घेतली न्हाईस. मजुरी काय ती सांग, घेऊन जा."

माझं डोकं फिरलं. गोधडीवरच्या तिन्ही काचा मी एकेक करून पुन्हा चढवल्या, स्क्रू पिळून पिळून आवळले. "हे काय?" मालकांनी विचारलं.

"मला काही नको, हेही शपथेतच हाय. मजुरी नाही, तर कामही नाही."

नवरदेव तीन बंद काचांच्या गाडीतून गेला. मांडवात उतरला तेव्हा फेट्याचा रंग त्याच्या कपाळावरून ओघळत होता म्हणे. मला त्याचं समाधान झालं नाही. महिन्याभरात जागा रिकामी करायचा निरोप आला; 'मला काही नको' म्हणून बसल्यावर आता वाद कशाचा घालणार, मी माझ्या हातानं शेडचे पत्रे उतरवले. तिथं आता मेहुण्याचं हॉटेल आहे, लॉऱ्या थांबतात. मालक शब्दाचे पक्के, असं गावात अजून म्हणतात. त्यांनी शपथ मोडली असती, तर दोन माणसं तरी माझ्या बाजूनं बोलली असती.