म्हशीच्या पोटातली तार

किसनआबा, भाजे गावातले. गेल्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सकाळी, अनुसयामावशींच्या गोठ्यामागं. तिथं एका मेलेल्या म्हशीशेजारी उभं राहून मी या माणसावर खोटा आळ घेतला. भर गर्दीत, मोठ्या आवाजात. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, कचऱ्याविरुद्ध लढणाऱ्या आमच्या मंडळात नाही, आणि मावशींना तर नाहीच.

मला ठासून बोलायची सवय आहे. पत्रकं लिहिते मी. ‘मावळ ही तुमची कचराकुंडी नव्हे!’ हे मळवली स्टेशनबाहेर तुमच्या हातात पडलेलं वाक्य माझंच. शनिवार-रविवारी गाड्या भरून येणारे लोक ओढ्यात काय काय टाकून जातात, त्यावर मी तासभर न थांबता बोलू शकते. पण हे सांगायला बसले तर हात अडतोय. सरळ सांगता येईना, म्हणून आधी धंद्याचं सांगते.

मी टाकव्याची. लोणावळ्याच्या रिसॉर्टांवर लग्नं लागतात, तिथली फुलांची सजावट मी करते. मांडवाची कमान, स्टेजमागची भिंत, नवरीच्या वाटेवरचे गुच्छ. पवनेकडच्या पॉलिहाउसमधून जर्बेरा येतो. दिसायला ऐटबाज, पण मानेचा कच्चा. उन्हात तासाभरात मान टाकतो. म्हणून त्याच्या देठाला बारीक तार पिळायची आणि वरून हिरवी चिकटपट्टी गुंडाळायची. मग लांबून तो नुसता देठच वाटतो. जवळूनही वाटतो — माणसाला. म्हशीला तर वाटणारच, नाही का?

दुसऱ्या दिवशी सजावट उतरवायची. तेव्हा ती प्रत्येक तार उलटी पिळून काढावी लागते. बोटं सोलतात, वेळ जातो. बरेच जण सगळा ढीग तसाच दरीत लोटतात. मी तसं करत नव्हते, आणि त्याचा मला केवढा गर्व! मी तारा काढून फुलं, पाला सगळं अनुसयामावशींच्या म्हशीला नेऊन घालायचे. आधी तारा, मग म्हैस — हा नियम मीच केलेला.

मावशींची एकच म्हैस, चंद्री. मावशींच्या घरात कमावतं दुसरं कुणी नाही. टेम्पो दिसला की त्या ओरडायच्या, “आली का गं शीतल? चल चंद्रे, पंगत बसली! साऱ्या गावात आवतान तुज्या एकलीलाच असतंय बग. आहेर मातुर कवा करत न्हाईस!” आणि स्वतःच हसायच्या.

आता माझा नियम मोडला तो दिवस. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, मुहूर्तांची गर्दी होती. सकाळी सजावट उतरवली, आणि लगेच कामशेतला आमची सभा होती. विषय कचरा. मुख्य बोलणारी मी. तारा काढत बसले तर सभा हुकणार होती. म्हटलं, ढीग मावशींकडं ठेवते, सांगून जाते, संध्याकाळी येऊन तारा काढते. गेले तर मावशी शेतावर. मी ढीग गोठ्याच्या भिंतीला टाकला आणि निघाले. फोन करता आला असता. केला का? माझं भाषण डोक्यात चाललं होतं. चांगलं झालं भाषण, टाळ्याही पडल्या.

संध्याकाळी गेले तर भिंतीशी काहीच नव्हतं. मावशी म्हणाल्या, “चाटून पुसून खाल्लं गं तिनं. पाटी भरभरून घातलं, कायबी उरलं न्हाई.”

तिथं मी बोलायला हवं होतं. तेव्हाच. डॉक्टर आला असता, काहीतरी केलं असतं, म्हैस कदाचित वाचली असती. मी चंद्रीकडं बघितलं. ती निवांत रवंथ करत होती. मी मनाशी म्हटलं, तारा तिनं थुंकल्या असतील. खरंच असं वाटलं होतं? नाही. असं वाटून घेतलं. मी मावशींनी दिलेला चहा प्याले आणि घरी आले.

पुढं चंद्रीनं वैरण सोडली. मग गळ्याखाली सूज आली. मावशी तिच्या तोंडाशी मीठ-गूळ धरायच्या, कुणी सांगेल तो पाला आणायच्या. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा काही बोलले नाही. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता.

त्या गुरुवारी डॉक्टरांनी गोठ्यामागं पोट उघडलं. भोवती गाव जमलेलं. पोटातून प्लास्टिकचे बोळे निघाले. इकडच्या कुठल्याही जनावराच्या पोटात ते निघतातच. आणि मग तार. डॉक्टरांनी ती चिमट्यात धरली. “ही काळजापर्यंत गेली,” म्हणाले. तारेला हिरव्या पट्टीचा एक कपटा चिकटून होता. माझी तार. मला ओळखू येणार नाही? रोज ती माझ्या बोटांत असते.

मावशी डोक्याला हात लावून बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं, ही आली कुठनं? कुणाचीही नजर माझ्याकडं वळली नव्हती. कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं. तरी मी घाबरले — आणि घाबरले की मी ओरडते.

मी ते प्लास्टिक उचलून वर धरलं. म्हटलं, “कुठनं म्हणजे? ओढ्याकाठच्या बंगल्यावर मागं पार्टी झाली ना? तिथला कचरा कोण टाकतं इथं? विचारा आबांना!”

किसनआबा त्या बंगल्याचे राखणदार. मालक सांगेल तसा कचरा ते ओढ्याच्या काठाला टाकायचे, हे खरं होतं. म्हणून तर माझं खोटं इतकं पटकन खपलं. आबा पुढं आले. म्हातारा माणूस, हातातली टोपी चुरगाळत म्हणाले, “पोरी, आमच्या पार्टीला फुगं व्हतं गं. नुसतं फुगं. तार कुटनं आली त्यात?”

आणि मी म्हणाले, “आबा, मालकाची वकिली बंद करा.”

लोक हसले. एक जण म्हणाला, “आबा, वकील झालासा व्हय? मग काळा कोट कुटाय?” आणखी हसले. मावशी मान वर करून आबांकडं बघत राहिल्या. नुसत्या बघत राहिल्या.

शेजारी-शेजारी घरं त्यांची. चंद्रीचं ताक रोज आबांकडं जायचं.

मग मी पत्रक काढलं. ‘बंगल्याच्या कचऱ्यानं घेतला मुक्या जिवाचा बळी!’ आबांचं नाव नव्हतं त्यात — हे मी कितीतरी दिवस स्वतःला ऐकवत होते. बंगला कुठला ते लिहिलं होतं. तिथं दुसरा राखणदार कोण होता? मालकानं बोभाटा नको म्हणून आबांना काढून टाकलं. आमच्या मंडळात त्याला विजय म्हटलं गेलं. मीही मान हलवली.

आज आबा स्टँडवर आले की पोरं विचारतात, “काय आबा, आज कुनाची म्हस?” मावशी त्यांच्या दारावरून जाताना पदर ओढून घेतात. आणि मी गेले की मला बसायला पाट देतात. म्हणतात, “तू व्हतीस म्हनून माज्या चंद्रीला न्याव मिळाला.” गोठा रिकामा आहे. तिथंच बसून मी ते ऐकून घेतलंय. एकदा नाही, अनेकदा.

घाई होती, घाबरले होते, मोठा प्रश्न खरा होता — यातलं एकही कारण मी पुढं करत नाही. कचऱ्याचा प्रश्न खराच आहे. म्हणून तर तो ढालीसारखा धरता आला.

मावशींना वाचता येत नाही. म्हणून हे लिहायला मला धीर झाला, हेही मांडून ठेवते. उद्या सकाळी मी त्यांच्यापुढं उभी राहून हे सगळं तोंडानं सांगणार आहे, आणि मग आबांच्या दारात जाणार आहे. ते काय म्हणतील ते म्हणोत.

माझ्यासाठी काही मागत नाही. पण तुम्ही ते पत्रक वाचलंत. फोटो काढून नातेवाइकांना, गावच्या ग्रुपवर पाठवलंत, खाली ‘शाब्बास’ लिहिलंत. आता ज्यांना ज्यांना ते पाठवलं होतं, त्या प्रत्येकाला हेही पाठवा. माझं नाव खोडू नका.