लॉट फुटतो का?

सुरतेत, उधन्याच्या एका रंगाई मिलमध्ये मी एकोणीस वर्षं नोकरी करते आहे. व्यापारी कोरं कापड रंगवायला पाठवतात. कुणाचे किती ताके आले, ते कुठल्या खात्यात आहेत, रंगून परत कधी गेले, याची नोंद माझ्याकडे. वडील अमळनेरकडून इथे मागावर कामाला आले होते. त्यांच्या हाताला कापड लागलं, माझ्या हाताला कापडाचा हिशोब.

आधी वही होती, मग संगणक आला. संगणकासोबत कंत्राटावर एक प्रोग्रामरही आला. तिशीतला, हसतमुख माणूस. रोज दहाच्या ठोक्याला यायचा आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. नोंदीत काही अडलं की मी मान वळवून म्हणायची, "ओ भाऊ, इथे घोळ झालाय, जरा बघा ना." तो खुर्ची सरकवून यायचा, दोन मिनिटांत आकडा सरळ करून जायचा. शेठना केबिनच्या काचेतून तो दिसायचा. शेठ खूश, मीही खूश.

दोन वर्षांनी त्याला पुण्यात चांगली नोकरी लागली. मिलमध्ये येऊन बसायला दुसरं कुणी तयार होईना. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने पारोळ्याच्या एका बाईचं नाव सुचवलं. ती घरूनच काम करायची. शेठ मला म्हणाले, "बेन, जे देखाय नहीं, ए काम शुं करे?" जी डोळ्यांना दिसत नाही ती काम काय करणार, असं मलाही वाटत होतं. पण दुसरा इलाज नव्हता.

तिने सुरुवातच प्रश्नांनी केली. एका दुपारी मोबाईलवर एकदम बावीस प्रश्न आले. तेव्हा फाटकात टेम्पो उभा होता, ड्रायव्हर चलानसाठी ओरडत होता. मी भराभर उत्तरं देत गेले. सोळावा प्रश्न होता, 'ताई, एक लॉट आला की शेवटपर्यंत एकत्रच राहतो का? की फुटतो?' मी लिहिलं, 'नाही फुटत.'

खरं तर लॉट, म्हणजे एका व्यापाऱ्याचा एकदम आलेला माल, आठवड्यातून दोनदा तरी फुटतो. काही ताक्यांवर डाग राहतात, ते पुन्हा रंगायला जातात आणि बाकीचे पुढे रवाना होतात. पण आधीचा प्रोग्रामर प्रत्येक वेळी शेजारी बसून हाताने आकडा सरळ करायचा. त्यामुळे लॉट फुटतो, हे सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

दोन महिने नीट गेले, कारण मागे राहिलेले ताके लगेच निघून जायचे. मग लग्नसराईच्या तोंडावर मरून रंगाचे बारा ताके भलत्याच व्यापाऱ्याकडे गेले. मुख्य लॉट रवाना झाला तेव्हा संगणकाने तो संपला असं धरलं आणि त्याचा नंबर दुसऱ्याच्या मालाला दिला. गर्दीत जास्त दिवस मागे राहिलेले बारा ताके त्या नंबरावर निघून गेले. नशीब, त्या व्यापाऱ्याने अजून कात्री लावली नव्हती. माल परत आला. पण ज्याचा माल होता तो केबिनमध्ये येऊन तासभर बोलत बसला.

तो गेल्यावर शेठ बाहेर आले. "पेलो सामे बेसतो हतो त्यारे आवुं थतुं नहोतुं," ते म्हणाले. "सोमवारथी ए बेनने ना पाडी दो."

मी मान डोलावली. आधीचा समोर बसायचा तेव्हा असं होत नव्हतं, म्हणून सोमवारपासून तिला काढून टाकायचं, एवढंच मला कळलं.

दुसऱ्या दिवशी, तिला काय लिहावं म्हणून मी जुने संदेश वर सरकवले आणि सोळावं उत्तर दिसलं. डबा उघडला, तसाच बंद केला. तिलाच दोष जाऊ दे, तिला कोण ओळखतं इथे, असंही मनात आलं. ते आलं होतं, हे लिहिलंच पाहिजे.

शनिवारी सकाळी मी तिला फोन केला. "अगं, शेठ सोमवारपासून तुला नको म्हणालेत, पण चूक माझी होती. लॉट फुटतो. मी तुला उलटं सांगितलं."

ती म्हणाली, "ताई, मला परवाच दिसलं ते."

"मग शेठना का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला रोज त्यांच्यासमोर बसायचंय. मला नाही."

मग तीच पुढे म्हणाली, "आणि एवढी मोठी गोष्ट मी बाविसांत एक म्हणून विचारली, हेही चुकलंच. आधी मीसुद्धा एका कारखान्यात जाऊन बसायचे. तुमच्या मिलमध्ये असते तर उठून बघून आले असते."

"मग ते का सोडलंस?"

"बायकांसाठी संडास नव्हता तिथे. सकाळपासून पाणी न पिता बसायचे, ताई. आजारी पडले." मग म्हणाली, "तुम्ही मला फिरवा ना मिलमधून. व्हिडिओ लावून."

मी फोन हातात धरून निघाले. फोल्डिंग खात्यात रंगलेल्या कापडाच्या घड्या घालतात. तिथे आमच्या अमळनेरकडचाच एक म्हातारा कारागीर आहे. मी त्याच्यासमोर फोन धरला. तिने विचारलं, "काका, लॉट फुटतो का?"

"फुटस ना! कसा नही फुटस?" तो म्हणाला. डागाळलेल्या ताक्यांना ते चिंधी कशी बांधतात, परत आल्यावर कुठे ठेवतात, सगळं त्याने कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं. शेवटी डोळे बारीक करून त्याने विचारलं, "कठली शे तू, पोरी?"

"पारोयानी, काका," ती अहिराणीत म्हणाली, आणि म्हातारा खुलला. चिंधीचं तर मलाही माहीत नव्हतं. आधीचा प्रोग्रामर दोन वर्षं मिलमध्ये होता, पण तो कधी त्या खात्यात गेला नव्हता. आणि मी तरी त्याला कधी नेलं होतं?

रविवारी तिने दुरुस्ती केली. फुटलेल्या भागाला आता वेगळी खूण मिळते, आणि मागचे ताके निघेपर्यंत नंबर मोकळा होत नाही.

सोमवारी शेठ येताच मी केबिनमध्ये गेले. बसले नाही. "शेठ, चूक त्या बेनची नाही. तिने विचारलं होतं, मी चुकीचं सांगितलं." मोबाईल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून प्रश्न वाचला, उत्तर वाचलं.

"ओगणीस वरसमां पहेली भूल?" त्यांनी विचारलं.

"कबूल केलेली पहिली चूक," मी म्हणाले.

शेठ असे हसले की बाहेरची माणसं मान वळवून बघायला लागली. "बेनने कहो, चालु राखे," ते म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

तिचं काम चालू राहिलं, हे सांगायला मी जिन्यात जाऊन तिला फोन केला. पलीकडे कुकरची शिट्टी वाजत होती. तिने ऐकलं, लांब श्वास सोडला आणि म्हणाली, "काम जाणार हे दोन दिवस घरात कुणाला बोलले नव्हते, ताई. आता सांगते."

दुपारी मी डबा उघडला. कळण्याची भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. शेवटचा घास संपल्यावर लक्षात आलं, शेजारी डबा खाणाऱ्या मैत्रिणीने पुढे केलेली तिची भाकरीही मी खाऊन टाकली होती.