शुक्रवारी न थांबणारा मिक्सर

साखर कारखान्याच्या मळीचा टँकर शेजारून गेला की मला ऐंशीच्या दशकातली शिरोलीची एक ओतकामाची फाउंड्री आठवते, कारण तिथे साच्याच्या वाळूत मळी कालवत. त्या मिक्सरचं कंट्रोल पॅनेल आमच्या वर्कशॉपने बनवलं होतं. झाकण बंद झालं की टायमर सुरू व्हायचा आणि वेळ भरली की मिक्सर थांबवायचा. पण दर शुक्रवारी मिक्सर थांबेचना, म्हणून फाउंड्रीच्या मालकांनी मला एका शुक्रवारी बोलावून घेतलं. वाळू सुकायची, साचे तडकायचे. "शुक्रवारीच बरं बिघडतंय, बाई? ह्यो गडी हळूच झाकण उचलून टायमर परत सुरू करतोय, तेवढंच बसायला मिळतंय. आज सापडला की उद्यापासनं घरी," मालक मिक्सरच्या ऑपरेटरकडे बोट दाखवत म्हणाले. संशय मलाही होता. मी स्टूल टाकून त्याच्या हातांवर नजर ठेवली. हात मांडीवरच होते, तरी टायमर मध्येच शून्यावर आला. मग मी झाकण पाहिलं. मालक दर शुक्रवारी सकाळी यंत्रांची पूजा करत, तेव्हा त्यांनी झाकणाच्या कडीला घातलेला झेंडूचा जाड हार झाकणाखाली अडकला होता. मिक्सर हादरला की झाकण किंचित उचललं जाई, त्याखालचा स्विच सुटे आणि टायमर पहिल्यापासून मोजू लागे. हार काढल्यावर मिक्सर वेळेवर थांबला. मालक ऑपरेटरवर खेकसले, "तुला हार दिसला न्हाई व्हय रे?" "दिसला की मालक. पर तुम्ही घातलेला देवाचा हार काढला असता, तर तवाच घरी बसवला असता मला." त्याची नोकरी टिकली. त्याला कारण आधीच कळलं होतं, असा संशय मला अजून आहे.