पत्र्याखालच्या बाटल्या

फोनवर मुरलीचं नाव दिसलं आणि मी सवयीनं म्हणालो, "बोला मास्तर, आज कोणाचं डोकं खाताय?" पलीकडून एक अनोळखी बाई म्हणाल्या की मी धुळ्याहून बोलतेय, सरांच्या कॉलेजातून, सरांच्या फोनमध्ये सगळ्यात वर तुमचंच नाव होतं म्हणून... समोर काउंटरला एक गिऱ्हाईक खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन उभं होतं. जेवणाआधी घ्यायचं की नंतर, असं विचारत होतं. मी त्याला 'नंतर' म्हणून सांगितलं, एवढं मला आठवतं. त्या बाई काय सांगत होत्या ते तुकड्यातुकड्यानंच डोक्यात शिरलं. प्रयोगशाळेत उभ्याउभ्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मुरलीच्या घरचे मांडे अजून माझ्या घरी डब्यात होते.

डॉ. मुरलीधर बऱ्हाटे. नावाआधीचं 'डॉक्टर' मी तोंडानं कधी उच्चारलं नाही, आणि आज लिहितानाही परक्या माणसाबद्दल लिहितोय असं वाटतंय. आम्ही फार्मसीला एका बाकावर बसलो. पुढे मी जळगावात वडिलांच्या औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसलो आणि तो पुस्तकांत घुसला. मला तो 'शेठ' म्हणायचा, मी त्याला 'मास्तर'. घर नशिराबादला, नोकरी धुळ्याला. आठवडाभर धुळ्यात खोली करून राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचा, तो आधी माझ्या दुकानात. काउंटरच्या आत त्याचं एक स्टूल होतं. तिथे बसून माझा चहा पीत माझ्याच गिऱ्हाइकांना 'ही गोळी घेऊ नका' असं सांगणं हा त्याचा आवडता उद्योग. मी चिडायचो. माझा स्वभावच तसा आहे, आणि तो मला चिडवायलाच यायचा असं आता वाटतं.

त्याच स्टुलावरून त्यानं रामप्रवेशला पाहिलं. रामप्रवेश बिहारचा, एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये हमाल. महिनोन् महिने ताप. कधी मलेरिया म्हणून, कधी टायफॉइड म्हणून औषधं घेऊन झाली होती. मीही चिठ्ठीबरहुकूम देत होतो. अंगाची काडी झालेली आणि पोटाची डावी बाजू फुगलेली. मुरलीनं त्याला गाव विचारलं, जिल्हा विचारला, बनियन वर करायला लावला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "शेठ, हा काळा आजार दिसतो." वाळूमाशी चावते, तिच्यातून एक परजीवी रक्तात जातो आणि प्लीहेत, यकृतात जाऊन बसतो. आपल्या भागात हा आजार कोण बघतो? तपासणी झाली, मुरलीचं खरं निघालं. औषध मुंबईहून मागवावं लागलं. ते थंड ठेवायचं असतं. ऐन मे महिना, खोका वाटेत कुठल्याशा गोदामात पडून राहिला, आमच्या हाती आला तेव्हा बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. डॉक्टरांनी ते औषध द्यायला नकार दिला, आणि ते योग्यच होतं. दुसरा खोका येईस्तोवर सोबत्यांनी रामप्रवेशला गाडीत घालून गावी नेलं. पुढे त्याचं काय झालं ते कळलं नाही. मुरली त्याच्या गावच्या कोणाकोणाला फोन करत राहिला, पण पत्ताच लागला नाही.

त्या दिवसापासून हा माणूस त्या खोक्याच्या मागे लागला. औषध जुनंच आहे, जालीम आहे, पण उघडं दिलं तर रोग्याच्या मूत्रपिंडाची वाट लावतं. म्हणून ते चरबीच्या अगदी बारीक पिशव्यांत भरून देतात. आपल्या शरीरातल्या ज्या पेशी असल्या पिशव्या गिळतात, नेमक्या त्यांच्यातच तो परजीवी दडून बसलेला असतो. म्हणजे औषध चोराच्या घरात जाऊन फुटतं. ही युक्ती मुरलीची नव्हे, ती जगात आधीपासून होती. पण या पिशव्या उष्णतेत टिकत नाहीत. मुरलीला अशा हव्या होत्या, ज्या फ्रीज नसलेल्या दवाखान्यातही टिकतील. त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, एकदा चुलीपुढे बसल्याबसल्या विचारलं होतं की तू तिकडे धुळ्याले करतो तरी काय. तो म्हणाला, "अक्का, तू मांड्यात पुरण भरते ना, तसं मी औषध भरतो." अक्का खापरावर मांडा टाकता टाकता म्हणाल्या, "आन् फुटला तं मंग?" मुरली इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "तेच तं पाहतोय."

ते पाहण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. आपल्याकडे नसलेल्या आजारापायी एवढा जीव कशाला काढतोस, असं लोक विचारत. मीही विचारलंय. वर हेही सुनावलंय की हा गरिबांचा आजार आहे मास्तर, तुझ्या औषधाला दुकानदार मिळणार नाही. तो म्हणायचा, "तू आहेस ना." सुरुवातीची वर्षं धुळ्याहून येताना तो बाटल्या थर्मासात घालून आणायचा आणि सुट्टीतही नजर राहावी म्हणून शनिवार-रविवार घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचा. अक्कांना ते खपत नसे. देवाच्या नैवेद्याचं दही आणि रोगाचं औषध एका फ्रीजमध्ये कसं? सरतेशेवटी अगदी खालचा, भाजीचा कप्पा औषधाला मिळाला, आणि मुरलीची बायको, सुमनवहिनी, बिचाऱ्या मेथी-कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळून बाहेर ठेवू लागल्या. "औषध थंड राहिलं पाहिजे अक्का, नाहीतर मेलं समज," असं तो दर वेळी सांगायचा. इतक्या वेळा सांगितलं त्यानं ते...

या वर्षी गंमत उलटी झाली. नवीन पिशव्या धुळ्याच्या प्रयोगशाळेत, कायम एकसारखी उष्णता ठेवणाऱ्या कपाटात टिकल्या होत्या. पण मुरलीचं समाधान होईना. कपाटाला दिवस-रात्र कळत नाही, म्हणायचा, आपला उन्हाळा कळत नाही. म्हणून गुढीपाडव्याला त्यानं थोड्या बाटल्या आणल्या आणि नशिराबादच्या घराच्या गच्चीवर जी पत्र्याची खोली आहे, तिथल्या फळीवर मांडल्या. दुपारी त्या खोलीत माणूस उभा राहू शकत नाही. घरात सगळ्यांना ताकीद दिली की मृग लागेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. का, ते अक्कांना सांगायचं मात्र राहून गेलं. दर रविवारी तो वर जाऊन एकेक बाटली न हलवता टॉर्चसमोर धरायचा. आतलं पिवळसर दुधासारखं पाणी एकसारखं दिसलं तर ठीक. तळाशी गाळ दिसला तर खेळ खलास.

आखाजीला मी जेवायला गेलो होतो. मांडे, आमरस, सगळं यथासांग झालं आणि भर दुपारी हा मला ओढत वर घेऊन गेला. मी घामानं निथळत होतो, त्याला शिव्या देत होतो. त्यानं बाटली टॉर्चसमोर धरली. "बघ शेठ, तळ स्वच्छ आहे." मी म्हटलं, म्हणजे जिंकलास. तो म्हणाला, "अजून खरं ऊन बाकी आहे. मृग लागू दे, मग बोलू." इतकंच. खाली आलो, मी पान खाल्लं, अक्कांनी मांड्यांचा डबा हातात दिला आणि मी निघालो. नंतर बोलायचंच होतं, त्यामुळे मी काही विचारलं नाही.

तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी पुन्हा गेलो. धुळ्याहून त्याच बाईंचा, त्याच्या सहकारी प्राध्यापिकेचा, फोन आला होता की बाटल्या मृगापर्यंत तशाच राहू द्या, मग आणून द्या, सरांचं काम आम्ही पुढे नेऊ. मला जरा बरं वाटलं होतं. काहीतरी उरलंय असं वाटलं होतं. टॉर्च घेऊन वर गेलो तर फळी रिकामी. धुळीत बाटल्यांच्या बुडांच्या गोल खुणा तेवढ्या होत्या. धावतच खाली आलो. माझा चेहरा पाहून वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात, नैवेद्याच्या दह्याशेजारी, सगळ्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या.

गुडघे धरून चालणाऱ्या अक्का दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात सगळे झोपलेले असताना, दुपारी जिना चढून वर गेल्या होत्या. पदरात घालून एकेक करत बाटल्या खाली आणल्या होत्या. वहिनींना समजलं तोवर रात्र झाली होती. "काही बोलू नका त्यांना, पारसभाऊ," वहिनी म्हणाल्या. "हे गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्या पोटभर जेवल्या."

मी एक बाटली काढून उजेडात धरली. तळ स्वच्छ होता. पण खरं ऊन त्या बाटल्यांनी पाहिलंच नाही, आणि आता त्या टिकल्या त्या मुरलीच्या हुशारीनं की अक्कांच्या फ्रीजनं, हे कोणी सांगू शकणार नाही. मला रडू आलं. राग पण आला, कोणावर ते कळेना. धुळ्याच्या बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या की पुढच्या पाडव्याला पुन्हा मांडू. पुढच्या पाडव्याला टॉर्च धरणारा तो नसेल.

फोन ठेवतोय तोच वीज गेली. आतल्या खोलीतून अक्का भिंत धरत आल्या. मी आलोय इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी फ्रीज उघडला, बाटल्या काढून ताटात ठेवल्या, माठातलं पाणी घेऊन धुतलेलं फडकं भिजवलं आणि बाटल्यांभोवती गुंडाळलं. मग जमिनीवर बसून हातपंख्यानं त्यांना वारा घालू लागल्या.

"वरती उनात तापत व्हतं पोराचं औषद," त्या म्हणाल्या. "मले पाहवलं नाही."

थोड्या वेळानं त्यांचा हात दुखू लागला. मी खाली बसलो, पंखा माझ्या हातात घेतला आणि वीज येईपर्यंत त्या बाटल्यांना वारा घालत राहिलो.