समुद्राकडे पाठ करून

“पुसू नको वं बाई, राहू दे त्याले.”

साहेब हे रोज म्हणायचे. त्यांच्या धरमपेठेतल्या घरी मी झाडूपोछा करत असे, आणि पुसू नको म्हणणारा मालक मला जन्मात तेवढा एकच भेटला. खिडकीत त्यांनी कोकणातून आणलेली एक गंजलेली कडी ठेवली होती. तिच्याकडे माझं फडकं वळलं की पेपरमागून त्यांचं डोकं वर यायचं.

दर हिवाळ्यात ते लेकीकडे कोकणात जायचे. आले की मला फोटो दाखवायचे. खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेलं दार, वाळूत रुतलेली फुटकी होडी, पोपडे आलेली भिंत.

“समुद्र कुठं हाय?” मी विचारलं.

“माझ्या पाठीमागं.”

तुम्हीच सांगा, इतक्या लांब जाऊन जो समुद्राकडे पाठ करतो आणि कुजक्या दाराचा फोटो काढतो, त्याचा संशय येणार नाही?

एकदा मी तापानं पडले, तर साहेब गोळ्या घेऊन सक्करदऱ्याला, तलावाकाठच्या आमच्या घरी आले. तलावाच्या ओलीनं माझ्या दाराचा रंग सुटला होता. गोळ्या माझ्या हाती देऊन ते दारासमोर उकिडवे बसले आणि मोबाईलनं फोटो काढू लागले. उठेचनात.

ते गेल्याबरोबर शेजारची मालू आली. तलावाकाठची पडकी घरं पाडणार, अशी तेव्हा वस्तीत बोलवा होती.

“काहून फोटो काढून राहिले होते वं तुह्ये साहेब? आज फोटो, उद्या नोटीस!”

“चांगले माणूस हायेत.”

“चांगल्या माणसाले चांगलं दार नाही दिसत का?”

नवरा गेल्यावर ते घरच तेवढं उरलं होतं.

मग ऐन वैशाखात आमच्या गल्लीनं दारं रंगवायला काढली. पडकं काही दिसलंच नाही पाहिजे. मी पोपडे खरडून काढले आणि वर तपकिरी ऑइलपेंटचा जाड हात दिला.

तो वाळायच्या आत साहेब मोठा कॅमेरा गळ्यात घालून हजर.

“काहून रंगवलं वं?”

“दिवाळी हाय.”

“वैशाखात?”

मालू तिच्या दारातून ओरडली, “आमची लवकर येते!”

साहेब हसले नाहीत. त्यांनी दाराला बोट लावलं. बोटाला रंग लागला, तो त्यांनी पुसला नाही. तसेच गेले. पुन्हा आमच्याकडे आले नाहीत, विषयही काढला नाही.

यंदा साहेब वारले. लेक घर आवरायला आली होती. कोकणातल्या फोटोंच्या गठ्ठ्यात मधेच माझं दार निघालं. वर निळा रंग, खाली लाल, आणि सुटलेल्या पोपड्यांमधून डोकावणारा हिरवा. तो लग्नाच्या वर्षी माझ्या नवऱ्यानं लावला होता. खरडताना मला तो दिसलाच नव्हता.

“न्या तुम्हाला हवा तर,” लेक म्हणाली.

नोटीस अजून आलेली नाही. मालू म्हणते, रंगानंच वाचवलं. फोटो मी पेटीत तळाशी, लुगड्यांखाली ठेवला आहे. कुणाच्या हाती लागायला नको. पाहावासा वाटला की आधी त्याच दाराला आतून कडी लावते.